मोल्नारची नजर

मंगळवार, १४ जानेवारी

बर्निसने नाताळात दिलेल्या भेटीचा आज पहिला दिवस. भेट म्हणजे रंगीत काचेच्या खिडक्या बनवायचा वर्ग, दर मंगळवारी दुपारी, एप्रिलपर्यंत. ज्या माणसाने उभी हयात काचेच्या कारखान्यात काढली, त्याला एकाहत्तराव्या वर्षी काचेच्या शिकवणीला पाठवायचं, हे फक्त माझ्या बायकोलाच सुचू शकतं.

"घरात बसून तू टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईच्या चुका काढतोस," ती म्हणाली. "त्यापेक्षा बाहेर जाऊन काढ. तिथे निदान ऐकायला माणसं असतील."

वर्ग नदीपलीकडे, एका बंद पडलेल्या बेकरीत भरतो. अजून यीस्टचा वास येतो. शिकवणारी कोरिन नावाची बाई, चाळिशीची, दोन्ही दंडांवर पक्षी गोंदलेले. बदकं असावीत. ती म्हणते ते हमिंगबर्ड आहेत. पहिलंच वाक्य बोलली: "काच आपल्याशी बोलते. आपण ऐकायला शिकायचं."

मी काचेशेजारी आयुष्य काढलं. ती बोलत नाही. बोलत असती तर तिनेही युनियनची वर्गणी भरली असती.

विद्यार्थी असे: पेटिट नवरा-बायको, केनेथ आणि जून. यांना आपल्या मेलेल्या मांजराची काचेत प्रतिमा करायची आहे. फोटो दाखवताना दोघांचे डोळे भरून आले. मांजर फोटोतही रागीट दिसतं. एक निवृत्त दंतवैद्य, जो बोलणाऱ्याच्या दातांकडे बघतो. आणि ओडेसा प्रुइट नावाची एक काळी बाई, माझ्याहून थोडी लहान, अंगाने भरलेली, जी कुणाशी फारसं न बोलता आपला आराखडा उलगडून बसली. शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती म्हणे. हिच्यापुढे रांगेत ताट घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांची मला कल्पना करवत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

आज काच निवडायची होती. कोरिनने एक निळा तुकडा देवाच्या प्रसादासारखा दोन हातांत धरून खिडकीशी नेला. त्यात बुडबुडे, रेघा, लाटा, सगळे रोग एका जागी.

"आमच्याकडे हा माल हातोडीने फोडून परत भट्टीत टाकायचे," मी म्हणालो.

"ही हाताने फुंकलेली काच आहे, मिस्टर मोल्नार. बुडबुडे हेच तिचं सौंदर्य."

असं असेल तर मी आयुष्यभर सौंदर्य भट्टीत टाकत आलो. पगार त्याचाच मिळत होता. कारखान्याच्या पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या काचेच्या प्रत्येक तावातून मी बघायचो, आणि केसाएवढी लाट दिसली की बोट वर करायचो. बोट वर म्हणजे माल बाद. दिवसपाळीचे फोरमन याला 'मोल्नारची नजर' म्हणायचे. दहा जणांनी पास केलेला ताव मी एकट्याने परत पाठवला आहे, आणि दहाही जण चुकलेले निघाले आहेत. आमच्या टोलीडोत, काचेच्या शहरात, काचवाले खूप होते. बघणारे कमी.

कापायला मात्र वर्गात मीच एकटा लायक. काच कापायच्या चाकाची एक रेघ, खाली बोट, वर अंगठा, आणि कट्. जूनबाईंच्या हातात काच पापडासारखी मोडते. दंतवैद्य बोट कापून घरी गेला. परत येईल असं वाटत नाही.

एकच गोष्ट. माझी रेघ आराखड्यापासून मध्येच जराशी सुटली. कापून झाल्यावर कळलं. छापील आराखडाच वाकडा आहे. प्रती काढणाऱ्या दुकानातल्या लोकांकडून आणखी काय अपेक्षा करायची.

शनिवार, २५ जानेवारी

घर खचतंय. चुलीमागच्या टाइल्सची ओळ मधोमध खाली झुकली आहे. डावा डोळा मिटून बघितलं, जसं कारखान्यात बघायचो, तर अगदी स्वच्छ दिसतं. बर्निस म्हणते टाइल्स होत्या तिथेच आहेत. पाया तपासणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. तो तळघरात बॅटरी फिरवून वर आला आणि म्हणाला, "काका, हे घर आपल्या दोघांना पुरून उरेल."

अशा लोकांना सरकार परवाने देतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज शिसं. तुकडे जोडायला शिशाच्या लांब पट्ट्या असतात, दोन्ही अंगांना खाच, त्या खाचेत काच बसते. पट्टी वापरण्याआधी एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं पकडीने ओढायचं, म्हणजे ती ताणून सरळ होते. कोरिनने माझी जोडी ओडेसाबाईशी लावली.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "मी ओढते तेव्हा लोक पडतात."

मी पडलो नाही. पण एक पाऊल पुढे आलो, हे लिहून ठेवतो.

तिचं काम मांजराहून बरं आहे. पत्त्यातल्या चौकटीच्या आकाराचे तुकडे, जांभळे आणि दुधी, ओळीने. साधं. तिचं चर्च एका जुन्या फर्निचरच्या दुकानात भरतं, आणि व्यासपीठामागच्या खिडकीला कित्येक वर्षं प्लायवूड ठोकलेलं आहे. तिथे ही खिडकी लागायची आहे, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी.

"बाकं सगळी ल्युशियसने केली," ती म्हणाली. ल्युशियस म्हणजे तिचा नवरा. "खिडकीही करणार होता. दोन वर्षांपूर्वी गेला. मग म्हटलं, माझे हात काही मोडले नाहीत."

"जांभळी काच बरी आहे," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे बरंच झालं.

"बरी? हा एकच ताव होता दुकानात. मालक म्हणाला, ही करणारा माणूस मेला. आता अशी नाही मिळायची."

लोकांना आपल्या मालाबद्दल अशा गोष्टी सांगायला आवडतात. पण रंग खरंच खोल आहे. आमच्या तळघरातल्या वाइनसारखा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तुकडे जुळवायची कोरिनची लाकडी चौकट काटकोनात नाही. मी सांगितलं. तिने गुण्या आणून कोपऱ्यात बसवला. बसला.

"बघा, बरोबर आहे."

मी डावा डोळा मिटून गुण्याकडे बघितलं. गुण्याचीच एक बाजू मध्ये पोट काढून होती. तेही सांगितलं. तिने आतून दुसरा गुण्या आणला. तोही तसलाच. हल्ली अवजारं कुठे कशी बनतात कोण जाणे.

"मिस्टर मोल्नार," ती फार हळू आवाजात म्हणाली, "शेवटचे डोळे कधी तपासलेत?"

वर्गात ऐकू जाईल असं मी तिला विचारलं, की तू शेवटचा गुण्या कधी तपासलास. केनेथ हसला. ओडेसाबाई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, एखादं पोर जेवत नसेल तर बघावं तशी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बर्निसला अचानक गाडी चालवायची हौस आली आहे. एवढी वर्षं शेजारी बसून डुलक्या काढणारी बाई आता किल्ली हातात घेऊनच दाराशी उभी असते. गेल्या आठवड्यात गॅरेजच्या खांबाला आरसा घासला, त्याचं निमित्त. खांब बर्फाने सरकला असणार.

शिवाय ती आता मोठ्याने वाचते. हॉटेलात मेनू, घरी वर्तमानपत्र. "यात पापरिका चिकन आहे, लेस्टर, आणि डम्पलिंग." मी जन्माचा हंगेरियन, मला पापरिका चिकन वाचून दाखवते. वय झालं की बायकांना असं काहीतरी होतं. मी सहन करतो.

शनिवार, ८ मार्च

आज एक चांगलं काम केलं.

शनिवारी वर्ग नसतो, पण जागा उघडी असते. बर्निस मला सोडून बाजारात गेली. कोरिन पुढच्या खोलीत कुणाला तरी फोनवर दिव्याची शेड विकत होती. आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

ओडेसाबाईची खिडकी टेबलावर खिळ्यांनी अडकवून ठेवलेली, जवळजवळ पुरी. फक्त सांध्यांना सोल्डर, म्हणजे वितळलेल्या धातूचा डाख, द्यायचा राहिलेला. मी एक डोळा मिटून बघितली आणि मला वाईट वाटलं. वरच्या दोन ओळी मधोमध खाली बसल्या होत्या, ओझं टांगलेल्या दोरीसारख्या. एवढी मेहनत, आणि चर्चमधल्या प्रत्येक माणसाला दर रविवारी ती झुकलेली ओळ बघावी लागणार. शिकवणारीला दिसलं नाही. दिसणार कसं.

खिळे काढले. काचेच्या चौकटी बाहेर काढल्या, ग्राइंडरवर एकेकीची कड घासून बरोबर केली, पट्ट्या नव्याने वाकवल्या, सगळं परत बसवलं, आणि पुन्हा सरकू नये म्हणून लगेच सोल्डरही दिला. शेवटी परत डोळा मिटून बघितलं. सुतात सरळ.

कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी तिलाच बघू दे. आभार मानायची गरज नाही, मी आधीच म्हणेन.

मंगळवार, ११ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

ओडेसाबाई आली, कोट काढला, टेबलापाशी गेली आणि तशीच उभी राहिली. मी म्हणालो, "वरच्या ओळी झुकल्या होत्या. मी सरळ केल्या." तिने हात पुढे केला आणि एका चौकटीवर बोट ठेवलं, जरा वेळाने दुसरीवर.

कोरिन धावत आली. पोलादी पट्टी आणून वरच्या ओळीवर ठेवली. ओळीची दोन्ही टोकं पट्टीला लागली, मधोमध मात्र दोन्हींत फट होती, बोट जाईल एवढी. ओळ वर फुगली होती, म्हणे, पुलासारखी. जूनने तोंडावर हात ठेवला. केनेथ वाकून बघू लागला आणि म्हणाला, "लेस्टर, हे वाकडं आहे हो."

"पट्टी वाकडी आहे," मी म्हणालो.

"पोलादी आहे."

"पोलादही वाकतं."

मग ओडेसाबाई बोलली. आवाज वर नाही, खाली नाही. "ही काच घासलीत तुम्ही. लहान केलीत."

"सरळ केली."

"ही आता परत वाढणार नाही, मिस्टर मोल्नार." तिने कोट घातला. "माझ्या खिडकीला परत हात लावू नका." आणि गेली. वर्ग चालू व्हायच्या आधीच.

बर्निस न्यायला आली तेव्हा मी तिला सगळा प्रकार सांगितला. एका चर्चच्या खिडकीसाठी मी माझी शनिवारची दुपार खर्च केली आणि बक्षीस काय, तर चौकशी. बर्निसने सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला.

"तू तिला विचारलं होतंस का?" तिने विचारलं.

काय विचारायचं होतं? खिडकी वाकडी होती.

बुधवार, १२ मार्च

तळघरात माझा पट्ट्यांचा फळा सापडला. निवृत्तीच्या दिवशी फोरमनने दिला होता. पांढऱ्यावर काळ्या तिरक्या पट्ट्या, माणसाच्या उंचीचा. काच यापुढे धरायची आणि तिच्यातून पट्ट्या बघायच्या. पट्टी जिथे वाकते तिथे काचेत दोष. याच्यापुढे कुणाची मतं चालत नाहीत, माझीसुद्धा नाही. मंगळवारी घेऊन जातो. एकदाच सगळ्यांना दाखवतो की कोणाला दिसतं आणि कोणाला नाही.

मंगळवार, १८ मार्च

फळा भिंतीला लावला. सगळे होते, ओडेसाबाईसुद्धा, हात बांधून मागे उभी. मी त्यांना समजावलं. आधी काचेशिवाय बघायचं, म्हणजे फळा ठीक आहे याची खात्री होते. हा नियम नव्या माणसांना मीच शिकवायचो. आधी रिकामं बघ, मग काचेवर आरोप कर.

दहा पावलं मागे गेलो. डावा डोळा मिटला.

पट्ट्या मधोमध खाली वाकल्या होत्या.

फळ्याला तळघरात ओल लागली असणार, असं म्हणालो. केनेथला विचारलं, तुला कशा दिसतात. "सरळ," तो म्हणाला. कोरिनला विचारलं. "सरळ." तिने न सांगता पोलादी पट्टी एका काळ्या पट्टीवर धरली. मी डावा डोळा मिटूनच बघत होतो. पोलादही वाकलं. पट्टीसारखंच वाकलं, तिच्याबरोबर, तेवढंच. दोन वेगळ्या वस्तू एकाच जागी एकाच मापाने वाकत नाहीत. हे मला कळतं. हेच तर मला कळतं.

मग मी उजवा डोळा मिटला. सगळ्या पट्ट्या सरळ. पोलाद सरळ. परत बदलला. वाकल्या. आणि मधोमध एक राखाडी डाग, अंगठ्याने पुसल्यासारखा, जो मी गेले कित्येक महिने काचेवरचा, चष्म्यावरचा, धुक्याचा समजत होतो.

कोरिनने पोलादी पट्टी खाली घेतली.

माझं बोट वर गेलं. आपोआप गेलं.

केनेथने मला घरी सोडलं. वाटेत मांजराबद्दल बोलत होता. त्याचं नाव कर्नल होतं. मी ऐकलं.

शुक्रवार, २१ मार्च

डोळ्याचा डॉक्टर दाढी न फुटलेला. भिंतीवर स्वतःच्याच पदव्या. म्हणाला, उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्यात आणि पाझरतात. त्यामुळे सरळ रेघ वाकडी दिसते. वयाने होतं. उशिरा आलात, पण फार उशिरा नाही. डोळ्यात औषधाची सुई द्यायची, दर महिन्याला. आजच पहिली.

सुईबद्दल लिहिणार नाही. बर्निसचा हात धरला होता. तिने नंतर बोटं चोळली.

जाताना त्याने चौकोनांचा एक छोटा कागद दिला. फ्रिजवर लावा, रोज एकेक डोळा मिटून बघा. आमच्या फळ्यापुढे हा कागद म्हणजे पोरखेळ. लावला.

गाडीत बर्निस म्हणाली, "ऑक्टोबरपासून तू कॉफी कपाच्या बाजूला ओततोयस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तू म्हणालास कप वाकडे आहेत. मी नवे कप आणले."

हे खरं आहे. नवे कपही वाकडे होते.

"डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणालास, मोल्नारची नजर," ती म्हणाली. "मग म्हटलं, माझं ऐकत नाही, काचेचं तरी ऐकेल."

मी खिडकीबाहेर बघत होतो. बायकोने मला शिकवणीला पाठवलं, की तपासणीला, हे तिला स्पष्ट विचारायला हवं होतं. विचारलं नाही. रस्त्यावरचे दिव्यांचे खांब एकेका डोळ्याने बघत घरी आलो.

शनिवार, २९ मार्च

ओडेसाबाईच्या घरी गेलो. बर्निस गाडीतच बसली. म्हणाली, हे तुझं तू कर.

स्वयंपाकघरात बसवलं. रताळ्याची गोड पाई समोर ठेवली. न विचारता ठेवली, पण कापून दिली नाही. मी माझा डोळा, डॉक्टर, रक्तवाहिन्या, सगळं सांगितलं. व्यवस्थित सांगितलं, क्रमाने, अपघाताचा अहवाल देतात तसं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"डोळा खराब होता," ती म्हणाली. "मान्य. ते तुमच्या हातात नव्हतं. पण तोंड तर ठीक होतं ना?"

मी पाईच्या ताटलीकडे बघितलं.

"मी मंगळवारी येणारच होते. तुम्ही शनिवारी केलंत, कुणी नसताना. माझी खिडकी वाकडी आहे असं वाटलं, तर मला सांगायचं होतंत. मी तुम्हाला वेडं म्हटलं असतं, भांडलो असतो, आणि खिडकी राहिली असती."

मी माल बाद करायचो तेव्हा कुणाला विचारत नसे. विचारणं हा माझा हुद्दाच नव्हता. हे तिला सांगणार होतो, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं नाही.

"झावळ्यांच्या रविवारपर्यंत आता होत नाही," ती म्हणाली. "पाद्रीला सांगितलंय. जांभळी काच कुठून आणू, ते कळत नाही."

"मी आणतो."

"तुम्हाला धड दिसत नाही."

"डाव्याने दिसतं."

तेव्हा कुठे तिने सुरी घेतली. पाईत साखर फार होती. दोन तुकडे खाल्ले.

गुरुवार, १० एप्रिल

जांभळ्या काचेच्या मागे बर्निस आणि मी गेला आठवडाभर फिरतोय. काच विकणाऱ्या लोकांइतकी आळशी जमात मी पाहिली नाही. एकाने जांभळी म्हणून मला तपकिरी दाखवली. एकजण म्हणाला, फोटो पाठवा. एकीने फोन उचलून 'संगणकावर बघा' म्हणून ठेवला. काल डेट्रॉइटच्या बाहेर एक म्हातारा भेटला, चर्चना सामान पुरवणारा, दुकान गुंडाळायच्या तयारीत. मागच्या खोलीत, जुन्या गाद्यांच्या आड, उभा एक ताव. जांभळा.

डाव्या डोळ्याने बघितला. बुडबुडे, लाटा, एका कडेला दोरखंडासारखी रेघ. पट्ट्यावर आला असता तर मी शिट्टी वाजवून लाइन थांबवली असती.

"मिळती रंगछटा आहे का?" बर्निसने विचारलं. तिच्याजवळ ओडेसाबाईने दिलेला एक तुकडा होता.

उजेडात दोन्ही शेजारी धरले. पुष्कळ वेळ धरले. सारखे नव्हते. पण चुलत भावंडं म्हणून खपले असते.

घरी येईपर्यंत ताव मांडीवर धरून बसलो. बर्निस गाडी फार सावकाश चालवते, हे एकदा तिला सांगितलं. आणखी सावकाश चालवली.

मंगळवार, १५ एप्रिल

वर्ग दोन आठवड्यांपूर्वी संपला, पण कोरिनने टेबल ओडेसाबाईसाठी राखलं आहे. मला अटी घालून दिल्या. कापायचं नाही. आखायचं नाही. घासायचं तर मुळीच नाही. पट्टी धरायची, सांगितलं की सोडायची.

जहाजाच्या कप्तानाला बंदरावर सामान उचलायला ठेवावं, तसं झालं. तरी गेलो. ओडेसाबाई ओढते तेव्हा अजूनही लोक पडतात.

कोरिन कॉफी घेऊन आली, कप नीट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "फेब्रुवारीत मी आणखी जोर धरायला हवा होता."

"मी ऐकलं नसतं."

"माहीत आहे. तरी धरायला हवा होता."

तिच्या दंडावरचा पक्षी जवळून, डाव्या डोळ्याने, हमिंगबर्ड असावा असं वाटतं. चोच जरा मोठी काढली आहे.

रविवार, ८ जून

तीन सुया झाल्या. फ्रिजवरच्या कागदावर रेघा आता बऱ्याच सरळ आहेत, मधोमध एक छोटी सुरकुती सोडली तर. डॉक्टर म्हणतो ती राहील कदाचित. अजून दाढी फुटलेली नाही.

आज ओडेसाबाईच्या चर्चमध्ये खिडकीचं अनावरण होतं. पेटिट दोघं आले होते, मांजराच्या खिडकीचा फोटो सगळ्यांना दाखवत. कर्नल काचेतही रागीट आहे, तेवढं त्यांनी अचूक पकडलं. कोरिन आली, लांब बाह्यांचा झगा घालून. पाद्रीने बोलायला सुरुवात केली आणि थांबायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. गाणं मात्र असं, की छताचं प्लास्टर ठीक आहे ना, हे मी वर बघून तपासलं.

मग कापड ओढलं. ऊन मागून आलं आणि जांभळा रंग व्यासपीठावर, पाद्रीच्या टकलावर, पहिल्या दोन बाकांवर सांडला. बुडबुड्यांमुळे तो एका जागी राहत नव्हता. ल्युशियसच्या बाकांवर तो पाण्यासारखा हलत होता. बायका रडल्या. ओडेसाबाई रडली नाही. पांढरी टोपी घालून माझ्या पलीकडे बसली होती, ताठ.

मी बघितलं. सवय जात नाही. वरून तिसरी ओळ, डावीकडून चौथी चौकट. तिथे पट्टी वाकली होती. डावा डोळा मिटून बघितलं. वाकडी. उजवा मिटला. तरीही वाकडी. परत दोन्ही. वाकडी.

बोट वर जाऊ नये म्हणून हात मांडीवर दाबून धरले. मग तिच्याकडे झुकलो.

"तिसरी ओळ," मी म्हणालो. "चौथी चौकट. वाकडी आहे का?"

तिने समोरून नजर हलवली नाही. "आहे."

"मला वाटलं फक्त मला दिसते."

"सगळ्यांना दिसते. मी सोल्डर देत होते, पट्टी धरून तुम्ही शिंकलात."

"मला सांगायचं होतंत. काढून परत केली असती."

"तुमच्या हातात परत द्यायची?" ती म्हणाली. "ल्युशियसच्या या बाकाचासुद्धा एक पाय आखूड आहे. वीस वर्षं बसतोय आम्ही त्यावर. आता उभे राहा, गायचंय."

मी उभा राहिलो. बर्निसने गाण्याचं पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि ओळींवरून बोट फिरवू लागली, जणू मला वाचता येत नाही. मी तिला फिरवू दिलं.

असा माल मी कधी दाराबाहेर जाऊ दिला नव्हता. आज जाऊ दिला.